‘माहीत नाही’ असे लिहिणारा माणूस

बातमी दोन वाक्यांत आली. पहिले वाक्य खरे होते, दुसरे खोटे.

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. नववीच्या वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका मी घरी तपासत बसले होते. दुपारी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर मजकूर आला : ‘आपले लॅबमामा सहदेव उतेकर आज सकाळी मुंबईत गेले. गरीब माणसावर डॉक्टरांनी प्रयोग केला आणि तो जिवावर बेतला.’ त्याखाली पाहता पाहता जोडलेल्या हातांची चित्रे जमू लागली. दुसऱ्या वाक्यावर कोणी काही विचारले नाही. माझ्या हातात लाल पेन होते. चुकीच्या वाक्याखाली रेघ मारण्याची मला तीस वर्षांची सवय आहे. पण फोनच्या काचेवर रेघ उमटत नाही. तेव्हा उमटली नाही ती आता, दोन महिन्यांनंतर, या लेखात मारते आहे.

उतेकरमामा महाडच्या आमच्या शाळेत प्रयोगशाळा परिचर होते. या पदाची ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगते. विज्ञानाचा तास सुरू होतो तेव्हा टेबलावर परीक्षानळ्या ओळीने उभ्या असतात, स्पिरिटच्या दिव्याची वात कातरलेली असते, लिटमसचे कागद सारख्या लांबीचे कापलेले असतात. तास संपतो, मुले घंटेबरोबर पळतात आणि दुसऱ्या दिवशी सारे पुन्हा जागच्या जागी असते. हे आपोआप होते असे मुलांना वाटते. काही शिक्षकांनाही वाटते. आमच्या शाळेत ते मामांमुळे होत असे. मूळचे ते पोलादपूर तालुक्यातल्या उमरठचे. दहावीला दोनदा बसले, दोन्ही वेळा विज्ञानात राहिले, आणि ही गोष्ट ते नव्या शिक्षकांना स्वतःहून सांगत. “बाई, मी विज्ञानातच गटांगळी खाल्ली. म्हनून देवानं शिक्षा दिली… जा, जन्मभर प्रयोगशाळेत उभा राहा!” आणि मग स्वतःच हसत. त्यांच्या या विनोदाचा पुढे लोकांनी पुरावा केला, म्हणून तो इथे आधीच नोंदवून ठेवते.

मी त्या शाळेत रुजू झाले त्या वर्षीची गोष्ट. बी उगवायला काय काय लागते हे दाखवण्यासाठी एक सोपा प्रयोग असतो. लाकडी पट्टीला तीन बिया बांधायच्या आणि पट्टी पाण्याच्या चंचुपात्रात उभी करायची. खालची बी पाण्यात बुडालेली, मधली पाण्याच्या पातळीवर, वरची पूर्ण कोरडी. उगवते ती मधली, कारण तिला पाणी आणि हवा दोन्ही मिळतात. या प्रयोगासाठी मामा उमरठहून आपल्या शेतातले वाल आणत. मला त्या दिवशी घाई होती. मी म्हणाले, “मामा, वरचा वाल राहू द्या. तो उगवणारच नाही.” मामांचे दोऱ्याची गाठ मारणारे हात थांबले. “उगवनार नाय म्हनून तर बांधायचा, बाई. तो नसला तर मधला कशानं उगवला ते सांगनार कोन?” माझ्याकडे पदवी होती, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र होते. तुलना म्हणजे काय, हे मात्र मी त्या दिवशी शिकले… आणि तेव्हापासून कधीही वरचा वाल गाळला नाही.

दुसरी आठवण महापुराच्या वर्षीची. सावित्रीचे पाणी तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत छातीइतके चढले होते. ते ओसरल्यावर मामांनी महिनाभर एकेक नळी धुतली, पण बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या गळून गेल्या होत्या. बऱ्याच बाटल्या ओळखता आल्या. अकरा ओळखता येईनात. वरिष्ठांची भेट तोंडावर आलेली. तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणाले, “उतेकर, रंग बघा, अंदाज घ्या आणि लावून टाका चिठ्ठ्या.” मामांनी चिठ्ठ्या लावल्या. अकराही बाटल्यांवर त्यांच्या ठसठशीत, किंचित डावीकडे कललेल्या अक्षरात एकच मजकूर होता : ‘माहीत नाही’. बाटल्या त्यांनी वेगळ्या कपाटात कुलपात ठेवल्या. मुख्याध्यापक चिडले. “ही काय चेष्टा आहे?” मामा म्हणाले, “साहेब, पानी नि ॲसिड, दोन्ही सारखंच दिसतं. मी अंदाजानं पानी लिवलं नि उद्या कोना पोराचा डोळा गेला तर? माझी चिठ्ठी खोटं बोलली असं होईल ना.” पुढे जाणकारांना बोलावून त्या बाटल्यांमधली द्रव्ये रीतसर नष्ट करण्यात आली. एक रिकामी बाटली मात्र मामांनी स्वच्छ धुतली आणि चिठ्ठीसकट फळीवर ठेवली. का, म्हणून विचारले तर म्हणाले, “नव्या मास्तरांना दाखवायला बरी.”

या जानेवारीत ते शनिवारी गावी गेले होते. वालाच्या शेंगांचा हंगाम, त्यामुळे शेतात पोपटी लावलेली : मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि शेंगा भरायच्या, मडके उपडे करून भोवती जाळ करायचा. मामांनी ती नेहमीसारखी लावली, खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी पोटात असे दुखू लागले की ते पाठीपर्यंत आरपार गेले. महाडला तपासले तेव्हा स्वादुपिंडाला तीव्र सूज असल्याचे निघाले. गावात आणि, लिहायला लाज वाटते, आमच्या शिक्षकखोलीतही निदान तयारच होते. “पोपटीला बसले म्हणजे घेतली असणार.” मामांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. त्यांच्या पित्ताशयातला एक खडा घसरून वाटेत अडकला होता. स्वादुपिंड जठराच्या मागे आडवे असते आणि अन्न पचवणारा रस तयार करते. पित्त आणि हा रस आतड्यात एकाच तोंडाने उतरतात. ते तोंड अडले की रस बाहेर पडत नाही, आणि ही ग्रंथी स्वतःच्याच रसाने पचू लागते. यात दारूचा संबंध असतोही, पण दर वेळी नसतो. ज्यांनी न तपासता उत्तर लिहिले, त्यांचे उत्तर चुकले. एवढेच.

त्यांना मुंबईच्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात हलवले. मुलगा महेश मुंबईतच एका कंपनीत नोकरीला आहे. तो सोबत होता. मी सवड मिळेल त्या रविवारी जात असे. चौथ्या आठवड्यापर्यंत स्वादुपिंडाचा बराचसा भाग मृत झाला होता आणि त्यात जंतुसंसर्ग शिरला होता. असा मृत भाग बाहेर काढावा लागतो. पूर्वी त्यासाठी पोट उघडत. आता कॅमेऱ्याची लवचीक नळी तोंडातून जठरात नेतात, जठराच्या मागच्या भिंतीला छिद्र पाडतात, त्यात धातूची आखूड नळी दारासारखी बसवतात आणि त्या दारातून तारेच्या फासात पकडून मृत मांस तुकड्यातुकड्याने ओढून काढतात. हे एका बैठकीत होत नाही. पुनःपुन्हा करावे लागते. त्या रुग्णालयात एका नव्या साधनाची पारख चालू होती. त्याच्या टोकाशी फिरते पाते आणि लगेच शोषून घेणारी पोकळी असते, म्हणजे कातरणे आणि ओढणे एकाच वेळी. त्याने बैठका कमी लागतील का, आणि रक्तस्राव वाढणार तर नाही ना, हा प्रश्न होता. कोणाला जुनी पद्धत आणि कोणाला नवी, हे संगणक ठरवणार होता.

संमतीबद्दल बोलायला तरुण डॉक्टरीणबाई आल्या त्या रविवारी मी खाटेजवळच होते. मामांनी मुद्दाम तो दिवस मागून घेतला होता. “आमच्या बाईंना येऊ द्या, मग सांगा.” डॉक्टरांनी सगळे नीट समजावले आणि शेवटी म्हणाल्या, “काका, या दोन्हींतली कोणती पद्धत जास्त चांगली, हे आम्हाला अजून माहीत नाही. म्हणूनच हा अभ्यास आहे.” महेश ताडकन उठला. “माहीत नाही म्हणजे? एवढं मोठं हॉस्पिटल आणि तुम्हालाच माहीत नाही?” मामांचे डोळे मिटलेले होते, मला वाटले त्यांना ग्लानी आली. मग न उघडता म्हणाले, “लिवून द्याल?”

“काय, काका?”

“माहीत नाय, असं.”

डॉक्टरांनी कागदावरची ती ओळ दाखवली. मामांनी चष्मा मागितला आणि ती स्वतः वाचली. नंतर सगळा कागद वाचला. त्याला दोन दिवस लागले, कारण दोन ओळी वाचल्या की ते थकत. तिसऱ्या दिवशी त्यांनी तीन प्रश्न विचारल्याचे डॉक्टरांनीच मला नंतर सांगितले. नाही म्हटले तर उपचार थांबतील का? थांबणार नव्हते. मध्येच नको झाले तर बाहेर पडता येईल का? येणार होते. तिसरा प्रश्न असा : “चिठ्ठी कोन काढनार? तुमी काढनार असाल तर नको. तुमाला माझी दया येईल नि तुमी मला बरं वाटेल ते द्याल.” डॉक्टर म्हणाल्या, “संगणक काढतो, काका. माझ्या हातात काहीच नाही.” “मग बरं,” म्हणत मामांनी सही केली. अंगठा नव्हे, सही. पूर्ण नाव, डावीकडे कललेले.

संगणकाने त्यांना जुनी पद्धत दिली.

आता गटावरच्या त्या दुसऱ्या वाक्याकडे पुन्हा पाहा. ज्या नव्या साधनाला लोक ‘प्रयोग’ म्हणून बोट दाखवत होते, ते मामांच्या शरीरात कधी गेलेच नाही. जो उपचार त्यांना त्या अभ्यासाबाहेरही मिळाला असता, तोच मिळाला. सहीनंतरच्या रविवारी मी गेले तेव्हा मात्र महेशचा राग नेमका उलटा होता. “नवीन मिळणार म्हणून मी गप्प बसलो. जुनंच द्यायचं होतं तर सही कशाला केलीत, बाबा?” मामा म्हणाले, “अरे, कोनीतरी वरचा वाल व्हायचाच.” महेशला संदर्भ लागला नाही, मला लागला, आणि मी सवयीने दुरुस्ती केली. “मामा, उपमा चुकली. वरच्या वालाला पाणी मिळत नाही. तुम्हाला पूर्ण उपचार मिळतो आहे.” नाकात नळी असताना हसता येते हे मी तेव्हा पाहिले. “आजारी मानसाचे तरी मार्क कापू नका, बाई!”

त्याच आठवड्यात उमरठहून त्यांची थोरली बहीण आली. तिला सगळे आक्का म्हणतात. आक्काच्या कानावर एवढेच आले होते की सहदेवच्या पोटात मांस मेले आहे आणि त्याला तोंडाने अन्न देत नाहीत. तिने या दोन वाक्यांची सांगड घातली : अन्न नाही, म्हणून मांस मेले. नाकातल्या नळीतून थेट आतड्यात अन्न जाते आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते, आणि सांगितले असते तरी नाकाने जेवणे तिने मान्य केले नसते. तिने घरून तांदूळ आणले, महेशच्या खोलीवर पेज शिजवली, डबा पदराखाली घेतला आणि परिचारिकेची पाठ फिरताच भावाच्या तोंडात दोन चमचे घातले. मामांनी ते गिळले. मग डॉक्टर फेरीवर आल्या तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले, “लिवा. पेज. दोन चमचे. मीठ घातलेली. सकाळी साडेदहा.”

आक्काचा संताप अख्ख्या वॉर्डाने ऐकला. “सख्ख्या भनीची चाडी करतोस रे? लाज नाय वाटत? एस्टीनं सहा तास बसून आले मी!”

“चाडी नाय गो आक्का, नोंद,” मामा म्हणाले. “माझ्या कागदावर खोटं राहायला नको.”

डॉक्टरांनी खरोखरच लिहून घेतले. मीठसुद्धा. महेश मात्र चरकला होता. त्याला वाटले, नियम मोडला म्हणून आता बाबांना या अभ्यासातून काढून टाकतील. तशी धास्ती मामांनाही होती, हे त्यांनी मला फोनवर कबूल केले. “पन काढलं असतं तरी सांगितलंच असतं. लपवलेली चूक नळीच्या बुडाला बसते, बाई. धुऊन जात नाय.” त्यांना काढले नाही.

दुसऱ्या बैठकीनंतर ताप उतरला. मार्चच्या मध्याला ते उठून खिडकीपर्यंत चालले आणि मला फोन आला. “अकरा पावलं, बाई. मोजलेली.” मी शेवटची भेटले तेव्हा नळी निघाली होती, आवाज बारीक झाला होता, आणि चौकशी चालू होती ती नववीच्या प्रात्यक्षिकांची, स्पिरिट पुरले का याची. निघताना मी म्हटले, “आता सुधारताय, मामा. जुनी पद्धतच चांगली निघाली म्हणायची.” त्यांनी मान हलवली. “माझ्या एकट्यावरून निकाल लावू नका. बरा झालो तरी लावू नका नि… नाय झालो तरी लावू नका. सगळ्यांचा लागेल तेव्हा लागेल.” मी त्यांना धीर द्यायला गेले होते आणि धडा घेऊन परतले. एप्रिलमध्ये, सगळे सुधारते आहे असे वाटत असताना, आजाराने कुरतडलेली एक रक्तवाहिनी आत फुटली. या आजारात असे होऊ शकते, हे त्या कागदावर लिहिलेले होते. तो परिच्छेद मामांनी दोनदा वाचला होता.

शाळेत शोकसभा झाली. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांपैकी एक जण बोलायला उभे राहिले. त्यांचे मामांवर खरेच प्रेम होते. त्यामुळेच त्यांचे बोलणे मला अधिक लागले. ते म्हणाले, “बिचारा भोळा, दहावी नापास माणूस… त्याला काय कळणार? मोठ्या हॉस्पिटलवाल्यांनी सही घेतली, उंदीर-सशासारखा वापरला.” सभागृहात चुकचुकण्याचा आवाज झाला. मी उभी राहिले. माझे नाव वक्त्यांच्या यादीत नव्हते. मी म्हटले, “आपण बँकेत सह्या करतो, मोबाइलच्या दुकानात करतो, विम्याच्या कागदावर करतो. ज्यांनी आयुष्यात एकदाही न वाचता सही केलेली नाही, त्यांनी हात वर करावा.” एकही हात वर आला नाही. माझाही नाही. “उतेकरमामांनी दोन दिवस वाचून सही केली. इथे अडाणी कोण आहे ते आपण ठरवू, पण ते उतेकरमामा नव्हते.” शेजारच्या बाईंनी माझा पदर ओढला. “खाली बसा हो. शोकसभेत वाद घालतात का?” मी बसले, पण माझे बोलून झाल्यावर. ज्या माणसाची समज त्याच्या मरणाबरोबर हिरावून घेतली जाते आहे, त्याच्यासाठी रडण्याआधी भांडणे मला अधिक निकडीचे वाटले. आजही वाटते.

तेराव्याला मी उमरठला गेले. आक्का पडवीत खांबाला टेकून बसली होती. इतर बायका चहा घ्यायला आत गेल्या तेव्हा तिने माझा हात धरला आणि कुजबुजत विचारले, “बाई, तुमी शिकलेल्या. खरं सांगा. माझ्या पेजेनं नाय ना गेला तो?” इतके दिवस ती हा प्रश्न एकटीच गिळत होती. गावात ‘प्रयोग, प्रयोग’ चालले होते, आणि या बाईच्या मनात मारेकरी एकच होती : ती स्वतः.

मला वाटत होते की पेजेने काही झाले नसणार. पण वाटणे आणि माहीत असणे यांत फरक आहे, आणि मी ज्या घरात बसले होते तिथे तो फरक राखणे मला भाग होते. घराच्या वर चढावर थोडी रेंज येते. महेशला घेऊन मी तिथे गेले आणि डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी महेशची परवानगी विचारली, मी त्याच्या हातात फोन दिला, मग त्यांनी नोंदी पाहून सांगितले. संसर्ग पेजेच्या आधीच, तपासात सापडलेला. पेजेच्या दिवशी आणि त्यानंतर ताप वाढलेला नाही. रक्तस्राव त्यानंतर कितीतरी आठवड्यांनी, आणि त्याचे कारण वेगळे. दोन चमचे पेजेने त्यात काहीही बदलले नव्हते. मी खाली आले. आक्कासमोर बसले आणि म्हटले, “आक्का, पुष्कळ गोष्टी कोणालाच माहीत नाहीत. ही मात्र माहीत आहे. तुमच्या पेजेने नाही.”

“कशावरनं?”

“मामांनी त्या दिवशी लिहायला लावलं ना, त्यावरून. दिवस, वेळ, सगळं तिथे आहे.”

तिने अंगणाकडे पाहत विचारले, “अजून लिवलेलं हाय तिथं? माझी पेज?”

“आहे.”

“मीठ घातलेली, ते पन?”

“ते पण.”

मग तिला रडू फुटले, आणि रडता रडता ती म्हणाली, “चाडीखोर मेला…”

ज्यांना नोंद हा कोरडा शब्द वाटतो, त्यांच्यासाठी मी हा प्रसंग सांगितला. मामांनी त्या दिवशी बहिणीची चूक पोटात घातली असती, तर लोकांनी त्याला माया म्हटले असते. आणि त्या मायेखाली आक्का उरलेला जन्म दबून गेली असती.

जूनमध्ये शाळा उघडली आणि पहिल्याच आठवड्यात महेश प्रयोगशाळेत आला. हातात टंकलिखित अर्ज होता. कोणीतरी त्याला तयार करून दिला होता. ‘माझे वडील अल्पशिक्षित असून त्यांना सदर प्रयोगाचे स्वरूप समजले नव्हते.’ खाली साक्षीदार म्हणून माझे नाव छापलेले. मी अर्ज दोनदा वाचला आणि परत दिला. “उपचारात हयगय झाली असं तुला वाटत असेल तर सगळे कागद मागव. मी तुझ्याबरोबर बसून एकेक पान वाचीन, आणि काही सापडलं तर पहिली सही माझी. पण हे वाक्य खोटं आहे. त्यावर मी सही करणार नाही.”

“लोक मलाच बोलतात, बाई,” तो म्हणाला. “पोटच्या पोरानं बापाला प्रयोगाला दिला, असं तोंडावर बोलतात. या अर्जावर सही झाली तर माझ्यावरचं तरी जाईल.” आणि मग, ज्यासाठी तो खरा आला होता ते विचारले. “बाबांना नवीन मिळालं असतं तर वाचले असते का? एवढं सांगा.”

माझ्यासमोर वडील गमावलेला मुलगा बसला होता. एक हलकासा अंदाज, कोणत्याही बाजूचा, त्याला तेवढ्यापुरता बरा वाटला असता. मी उठले. फळीवरून ती रिकामी बाटली काढली आणि टेबलावर त्याच्यापुढे ठेवली. त्याने चिठ्ठी वाचली. अक्षर ओळखायला त्याला वेळ लागला नाही. बाटली त्याने हातात घेतली, चिठ्ठीवरून अंगठा फिरवला… मी त्याला पुराची गोष्ट सांगितली. वडिलांनी ती घरी कधी सांगितली नव्हती. “मुख्याध्यापक ओरडले त्यांना?” त्याने विचारले. “चांगलेच.” “आणि यांनी बदललं नाही?” “नाही.” तो पहिल्यांदाच थोडासा हसला. “घरी पण असेच होते. हट्टी.” अर्जाची घडी करून त्याने खिशात घातली. काय करणार ते सांगितले नाही. मीही विचारले नाही.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी महेशला वाचून दाखवला. अर्जाचा भाग गाळते, असे मी आपणहून म्हटले. तो म्हणाला, “ठेवा. मी तो दिला नाही हे लिहा, आणि द्यायला निघालो होतो हेही लिहा. बाबांनी दोन्ही लिहायला लावलं असतं.” म्हणून दोन्ही लिहिले आहे.

तो अभ्यास अजून चालू आहे. नवे साधन चांगले की जुने, याचे उत्तर केव्हातरी येईल, आणि ते ज्या आकड्यांच्या आधाराने येईल त्यांत एक उमरठचा असेल. तोपर्यंत आमच्या प्रयोगशाळेतली ती बाटली फळीवर राहणार आहे. रिकामी बाटली कशाला अडवून ठेवता, म्हणून परवा नव्या मुख्याध्यापकांनी विचारले. नव्या शिक्षकांना दाखवायला, असे मी सांगितले. चिठ्ठीचा एक कोपरा सुटू लागला होता. मी तो डिंकाने पुन्हा चिकटवला. अक्षराला हात लावला नाही.